कुठली बोटं? गाडीवर हात बधीर होतो तेव्हा

पुण्याहून येताना पेठ नाक्यावर चहाला थांबलो. हेल्मेट काढायच्या आधीच मित्रानं उजवा हात झटकायला सुरुवात केली, दोरीवर टाकण्याआधी ओला टॉवेल झटकावा तसा. "हात पार मेल्यागत झालाय बघ. ग्लास धरलाय का सोडलाय, कळंना." टपरीवर आणखी दोन-तीन गाडीवाले होते. चहा होईस्तोवर पाच निदानं झाली. रक्त पोचत नसणार. बी-ट्वेल्व्ह कमी असणार. गाडीच लई थरथरती. ग्लोव्हज का घातला नाहीस? पाचवं निदान चहावाल्या मामांचं: "वय झालं की."

मी विचारलं, "कुठली बोटं?"

"कुठली म्हणजे? हात!"

घोडं इथंच अडतं. आमच्या कोल्हापुरात गाडीशिवाय कुणाचं पान हलत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत पाळीला जाणारे, पहाटे गावाकडून दुधाचे कॅन लटकवून शहरात येणारे, रोज इचलकरंजी करणारे, रविवारी उगीच गगनबावड्याचं धुकं बघून येणारे. हाताला मुंग्या येतात ही तक्रार सगळीकडे ऐकू येते आणि तिच्यावरचा सल्लाही ठरलेला: काहीतरी विकत घे. आधी ग्लोव्हज, मग मऊ ग्रिपा, मग वेगळं हँडल, शेवटी दुसरी गाडी. मी डॉक्टर नाही. कारखान्यात मेंटेनन्सला आहे, मोटारी आणि पंपांची थरथर मोजणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे माझी सवय अशी, की पाना हातात घ्यायच्या आधी आवाज नेमका कुठून येतोय ते ऐकायचं. हाताचंही तसंच आहे. 'हात बधीर' या एका तक्रारीमागे निदान चार वेगळी कारणं असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

रक्त नव्हे, नस

आधी एक शब्द साफ करून घेऊ. बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. या लेखात नस म्हणजे मज्जातंतू: बोटाला काय लागलं ते मेंदूला कळवणारी आणि मेंदूचा हुकूम बोटापर्यंत आणणारी वायर.

फक्त ही वायर जिवंत आहे. तिला स्वतःला रक्त लागतं आणि ते तिच्या अंगावरच्या बारीक रक्तवाहिन्यांतून येतं. वायरवर बराच वेळ दाब पडला की आधी या बारीक वाहिन्या चेपतात, नस उपाशी पडते आणि निरोप पुढे जाईनासे होतात. म्हणून 'हातात रक्त पोचत नाही' हे टपरीवरचं निदान अर्धं बरोबर आहे. बोटं छान लालबुंद असतात, त्यांना रक्त मिळतच असतं. उपाशी असते ती मनगटातली किंवा कोपरातली नस.

उसाला ठिबक केलेल्या माणसाला पुढचं लगेच कळेल. नळीवर पाय पडला की पुढचे ड्रिपर कोरडे. पाय काढला की पाणी लगेच सरळ येत नाही. आधी फुर्र-फुर्र करत हवा आणि पाणी मिसळून उडतं, मग धार लागते. हात झटकल्यावर ज्या मुंग्या येतात, त्या म्हणजे हे फुरफुरणं. दाब गेलेली नस काही काळ वेडेवाकडे निरोप पाठवत राहते. म्हणजे मुंग्या येणं ही तशी बरी खूण आहे. काहीच न जाणवणं जास्त वाईट.

अनामिका म्हणजे हाताचं निपाणी

हाताच्या तळव्याकडच्या बाजूची वाटणी मुख्यतः दोन नसांमध्ये झालेली आहे. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची मध्यमेकडची बाजू हा एका नसेचा इलाखा. तिला डॉक्टर मीडियन म्हणतात. ती मनगटाच्या मधोमध जाते, म्हणून आपण मधली नस म्हणू. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू दुसऱ्या नसेची. हिला अल्नर म्हणतात. आपण कडेची नस म्हणू. कोपर कुठंतरी आपटल्यावर करंगळीपर्यंत जो करंट जातो, तो हिचाच.

अनामिका मात्र दोघींची. सीमाभागासारखी. अर्धी इकडे, अर्धी तिकडे, आणि त्यामुळेच चौकशीला सगळ्यात उपयोगी. हात बधीर झालेला असताना गाडी बाजूला घ्या, डोळे मिटा आणि दुसऱ्या हाताच्या नखानं अनामिकेच्या दोन्ही कडा हळूच खरवडा. मध्यमेकडची बाजू बधीर आणि करंगळीकडची शाबूत असेल, तर तक्रार मधल्या नसेची. उलटं असेल, तर कडेच्या. पाचही बोटं सारखीच बधीर, मोजा घातल्यासारखी वाटत असतील, तर बहुधा नस दबलेली नाही. थरथर किंवा थंडी हे कारण असू शकतं.

पेठ नाक्यावर मित्राला मी हेच करायला लावलं, काडेपेटीतल्या काडीनं. लोक बघत होते. अंगठा, तर्जनी, मध्यमा पार बधीर, अनामिका निम्मी, करंगळी टणटणीत. मग चहावाल्या मामांकडून बॉलपेन मागून घेतलं आणि बधीर भागाभोवती त्याच्या हातावरच रेघ ओढून ठेवली. त्या रेघेकडे शेवटी परत येऊ.

अंगठा-तर्जनीची तक्रार: मनगटातला बोगदा

मनगटात पुढच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. तीन बाजूंनी हाडं, वरून एक घट्ट पट्टा. त्यातून बोटं मिटवणाऱ्या ९ दोऱ्या जातात, ज्यांना कंडरा म्हणतात, आणि त्यांच्यातच अंग चोरून मधली नस. नवरात्रात महाद्वार रोडवरून नऊ पैलवान आणि एक पोरगं एकाच वेळी निघालंय असं समजा. सगळे सरळ चालत असतील तर पोरगं निभावतं. रस्त्याला वळण आलं की पैलवान कडेला रेटतात आणि मध्ये पोरगं चेपतं.

हे वळण म्हणजे वाकलेलं मनगट. मनगट सरळ असताना बोगद्यातला दाब नगण्य असतो. पुढे किंवा मागे पुरतं मोडलं की तो कित्येक पटींनी वाढतो. त्यात मूठ आवळली की नऊही पैलवानांनी अंग फुगवलं म्हणायचं.

आता गाडीवर काय होतं बघा. रेस पिळायची म्हणजे मूठ आपल्याकडे फिरवायची. रेस बंद असताना मनगट सरळ दिसतं, पण अर्धा पीळ दिला की मनगट खाली बसतं आणि हाताची पाठ कोपराकडे झुकते. दसरा चौकातला ट्रॅफिक पोलीस 'थांब' म्हणून तळहात दाखवतो, तसं. गावात हे चालून जातं, कारण मिनिटाला दहा वेळा रेस सोडावी लागते. महामार्गावर मात्र हात त्याच 'थांब' स्थितीत तासभर गोठतो. म्हणून सपाट, मोकळ्या, चांगल्या रस्त्यावर हात जास्त झोपतो आणि घाटात कमी. आमच्यातल्या बऱ्याच जणांना याचं कोडं पडतं.

उपाय फुकट आहे. रेस बंद असताना मूठ पकडतानाच मनगट थोडं उंच, किंचित पुढं झुकवून धरा. नेहमीच्या वेगाला लागणारा पीळ दिल्यावर ते बरोबर सरळ रेषेत येईल. हाताची सवय बदलायला मला पंधराएक दिवस लागले.

दुसरी गोष्ट ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरची. शोरूममधून आली तशीच त्यांची ठेवण जन्मभर राहते, जणू ती वेल्डिंग करून दिली आहे. गाडीवर नेहमीसारखे बसा, डोळे मिटा, मुठी धरा आणि बोटं सरळ लांब करा. डोळे उघडल्यावर कोपर, मनगट आणि बोटं एका रेषेत असायला हवीत आणि बोटं लिव्हरवर पडलेली असायला हवीत. लिव्हर त्या रेषेच्या वर असेल, तर ब्रेकवर बोट ठेवताना दर वेळी मनगट मागं मोडणार. क्लॅम्पचे बोल्ट थोडे सैल करायचे, लिव्हर खाली फिरवायची, परत आवळायचे. पाच मिनिटांचं काम. पुढे डिस्क ब्रेक असेल तर ऑइलची डबी फार कलू देऊ नका, आणि झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायरी आणि पाइप ताणत नाहीत ना ते बघा. हात बसत नसेल तर कुठल्याही मिस्त्रीकडून करून घ्या. तो 'एवढ्यासाठी आलासा?' म्हणेल, म्हणू दे.

बहुतेक स्कूटरवर लिव्हर अशी फिरवता येत नाही. तिथं मनगट उंच धरण्याचाच आधार. ज्यांचे हात लहान आहेत, आणि आपल्याकडे स्कूटर चालवणाऱ्या बायका-मुलींची संख्या काय कमी आहे, त्यांची बोटं लिव्हरपर्यंत पोचतानाच ताणली जातात. त्यांनी ब्रेकची वायर नीट सेट करून घ्यावी, म्हणजे लिव्हर अर्ध्याहून जास्त दाबावी लागणार नाही.

डाव्या हाताला त्रास होत असेल तर आधी क्लचची वायर बघा. वाळलेली, आतून काटे निघालेली वायर दर वेळी दुप्पट जोर मागते. कावळा नाक्यापासून रंकाळ्यापर्यंत किती वेळा क्लच दाबता ते एकदा मोजा आणि मग वायरीत ऑइल सोडायला कंटाळा करा.

करंगळीची तक्रार: तळव्यावर टाकलेलं ओझं

कडेची नस मनगटापाशी त्या बोगद्यातून जात नाही. ती करंगळीच्या बाजूनं, तळव्याच्या टाचेजवळून, कातडीखाली बऱ्यापैकी उघडी जाते. फ्रेंच सर्जन फेलिक्स गीयाँ यांनी १८६१ साली तिची ही वाट वर्णन केली आणि ती आजही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. सायकलवाल्यांचा हा जुना आजार आहे, कारण ते छातीचं ओझं हँडलवर टाकून बसतात. बुटकं हँडल असलेल्या स्पोर्ट्स बाइकवर तेच होतं. साध्या गाडीवरही होतं, जर तुम्ही पोक काढून, हातावर रेलून बसत असाल किंवा पाठीवर लॅपटॉपची जड सॅक असेल.

इथं मनगटाचा कोन सुधारून फारसा फरक पडत नाही. ओझं हातावरून काढायला हवं. हात हे गाडी वळवायला आहेत, टेकायला नाहीत. टाकीला गुडघ्यांनी धरा, पोटाला थोडं काम द्या, सीटवर अर्धा वीत मागं-पुढं सरकून बघा. परीक्षा सोपी आहे: सरळ रिकाम्या रस्त्यावर, मुठी न सोडता, कोंबडीनं पंख हलवावेत तशी कोपरं वर-खाली करून बघा. सहज हलली तर ओझं कमरेवर आणि पायांवर आहे. कोपरं हलवताना गाडीच डुलायला लागली, तर तुम्ही हँडलवर टांगलेले आहात.

पैलवानाकडून शिकण्यासारखी गोष्ट हीच. खासबागेत कुस्ती बघितलेल्याला माहीत असतं, की मुरलेला गडी सगळा वेळ आवळत नाही. पकड असते, पण सैल. कळ दाबायची वेळ आली की तेवढ्यापुरती घट्ट. नवशिका पहिल्या दोन मिनिटांतच सगळा जोर मुठीत घालवतो आणि मग दम टाकतो. गाडीवर आपण सगळे नवशिके पैलवान असतो, विशेषतः मागून ट्रक हॉर्न देत असेल तेव्हा.

एक बारकावा. करंगळीबरोबर हाताच्या पाठीचा करंगळीकडचा भागही बधीर होत असेल, तर नस बहुधा मनगटाच्या वर, कोपराशी दबते आहे, कारण पाठीकडे जाणारा फाटा मनगटाच्या अलीकडेच फुटतो. मग हँडलपेक्षा घरातल्या सवयी बघा: टेबलावर कोपर टेकून बसणं, कोपर पूर्ण मोडून तास-तास फोन कानाला लावणं.

पाचही बोटं: थरथर

आता ज्याच्यावर सगळे खापर फोडतात त्या इंजिनाकडे येऊ. आपल्या बहुतेक गाड्या एका सिलिंडरच्या. क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर जातो, एकदा खाली येतो आणि दर वेळी गाडीला धक्का देतो. आरपीएम म्हणजे मिनिटाला किती फेरे. ६,००० आरपीएमला सेकंदाला १०० धक्के. आणि क्रँकच्या भूमितीमुळे त्यात दुप्पट वेगाची, म्हणजे सेकंदाला २०० वेळांची बारीक थरथरही मिसळलेली असते. आपल्या कातडीत थरथर ओळखणारे जे खोलवरचे संवेदक आहेत, ते सेकंदाला साधारण २०० ते ३०० कंपनांना सगळ्यात जास्त तिखट असतात. म्हणजे इंजिन नेमकं त्यांच्या कानात ओरडतं. तासभर हलगीशेजारी उभं राहिल्यावर जसे कान काही वेळ बसतात, तसे हे संवेदक बसतात. ही बधिरता नस दबल्याची नाही. उतरल्यावर थोड्या वेळात ओसरते.

पण थरथर आणखी एक खोडी करते. थरथरणारी वस्तू हातात धरली की स्नायू आपोआप जास्त आवळले जातात. ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तुमच्या मर्जीचा प्रश्न नाही. मूठ जितकी घट्ट, तितकी थरथर हातात जास्त शिरते. थरथर वाढली की मूठ आणखी आवळते. मग मधली नसही दबायला लागते आणि दोन कारणं एकमेकांत मिसळतात.

थरथर कुठून येते ते आधी शोधा. रिकाम्या, सरळ रस्त्यावर, ज्या वेगाला हात थरथरतात त्या वेगाला रेस सोडून क्लच दाबा. थरथर एकदम गेली तर इंजिनाची. तशीच राहिली तर चाकाची: टायरमधली हवा, वाकलेली रिम, सैल स्पोक, ढिला कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. सातारा-कागल रस्त्याच्या सहापदरीकरणाच्या कामात जे खड्डे आणि वळसे आपण खाल्ले आहेत, त्यानंतर रिम एकदा फिरवून बघायला हरकत नाही. इंजिनाची असेल, तर माउंटिंगचे बोल्ट ढिले आहेत का, हँडलच्या क्लॅम्पखालचे रबरी बुश दगडासारखे झालेत का, हे बघायला सांगा. वर्षानुवर्षं कुणी त्यांच्याकडे बघितलेलं नसतं.

आणि वेग बदलून बघा. थरथर सगळ्या वेगांना सारखी नसते. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो. हँडलच्या नळीचाही स्वतःचा एक झोका असतो आणि इंजिनाचा धक्का त्याच्याशी जुळला की तेवढ्या टप्प्यात हँडल वेड्यासारखं हलतं. ताशी दहा किलोमीटर कमी-जास्त केले की तो टप्पा सुटतो. शंभर सीसीची गाडी ऐंशीनं तासभर पिळत राहणाऱ्याला हा सल्ला पटत नाही, हे मला माहीत आहे.

"मग ग्लोव्हज आणि ग्रिपा घ्यायच्याच नाहीत का?"

घ्या, पण कशासाठी ते समजून. मऊ थराचे ग्लोव्हज बारीक, झटपट थरथर अडवतात. इंजिनाची मुख्य, सेकंदाला ६०-१०० वेळांची थरथर त्यातून जवळजवळ तशीच आरपार जाते. पडल्यावर तळहात वाचतात आणि थंडी-वाऱ्यापासून आडोसा होतो, म्हणून ग्लोव्हज हवेतच. पण जाडजूड ग्लोव्हजमध्ये तीच मूठ धरायला जास्त जोर लागतो, हे विसरायचं नाही.

जाड ग्रिपांचा धडा मी स्वतःच्या पैशांनी शिकलो. फोमच्या, डोळ्यांत भरणाऱ्या ग्रिपा बसवल्या. पहिल्या दिवशी मखमल. आठवड्यात अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं, कारण मूठ इतकी जाड झाली की बोटं पुरती वळेनात आणि मी चिमटा काढल्यासारखा पिळत होतो. काढून टाकल्या. ज्यांचे हात मोठे आहेत त्यांना त्या सोयीच्या पडतीलही.

हँडलच्या टोकांना बसवायची वजनं मात्र कामाची वस्तू आहे. भजनातल्या पखवाजाच्या धुमेला कणीक लावतात ती कशासाठी? पानाचं वजन वाढलं की सूर खाली उतरतो. हँडलच्या टोकाला लोखंड लावलं की त्याचाही 'सूर' उतरतो आणि तो वेडा टप्पा तुमच्या नेहमीच्या वेगापासून दूर सरकतो. दूर सरकतो, नाहीसा होत नाही. ऐंशीला शांत झालेली गाडी साठला कुरकुरू शकते. बऱ्याच गाड्यांना ही वजनं कंपनीकडूनच असतात आणि 'लूक' बदलताना काढून टाकलेली असतात.

रेसच्या मुठीवर चढवायची, तळव्यानं दाबायची प्लॅस्टिकची पट्टीही मिळते. लांब रस्त्यावर मूठ सैल ठेवायला ती मदत करते. पण गावातल्या गर्दीत ब्रेक मारताना तिच्यावर तळवा पडला तर रेस वाढते. महाद्वार रोडला ती नको.

"बुलेटवाले नाही का चालवत जन्मभर?"

हा प्रश्न येणारच. एक तर, सगळ्या बुलेट सारख्या नाहीत. जुन्या लोखंडी इंजिनांत पिस्टनचा धक्का परतवणारा बॅलन्सर शाफ्ट नव्हता. २०२० पासून आलेल्या नव्या धाटणीच्या साडेतीनशे सीसी इंजिनांत तो आहे. दुसरं, जुन्या बुलेटचं इंजिन सावकाश फिरतं. तिची थरथर दांडगी पण संथ. हाताला झोप आणणारी बारीक भुणभुण लहान गाडी पिळून चालवताना जास्त असते. तिसरं, जुना बुलेटवाला ऐटीत ताठ बसतो, हँडल उंच, मनगट सरळ, मूठ सैल. त्याला नावं ठेवण्याआधी त्याची बैठक बघा.

राहिला 'सवय होते' हा मुद्दा. स्नायूंना सवय होते. दबलेल्या नसेला होत नाही.

पहाटेची थंडी

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पंचगंगेच्या बाजूनं येणाऱ्याला वेगळं सांगायला नको. वाऱ्यानं बोटं गार पडली की शरीर तिथल्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि बोटं लाकडासारखी होतात. इथं वारा अडवणं हाच उपाय. दूधवाले हँडलला रेक्झिनचं कव्हर शिवून घेतात ते दिसायला कसंही असो, पातळ महागड्या ग्लोव्हजपेक्षा भारी काम करतं. थंडीत एखादं-दुसरं बोट कागदासारखं पांढरं, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लाल होत असेल, तर ती साधी थंडी नाही, डॉक्टरांना दाखवा.

फेटलिंगवाल्याचा हात

बाकीच्यांना हे सगळं नुसतं सोयी-गैरसोयीचं वाटेल, पण शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यांत, काम करणाऱ्यांसाठी हा भाग जास्त महत्त्वाचा आहे. कास्टिंग साच्यातून निघालं की त्याच्या कडा ग्राइंडरनं साफ कराव्या लागतात. त्याला फेटलिंग म्हणतात. आठ तास ग्राइंडर धरलेला हात संध्याकाळी गाडीच्या मुठीवर येतो. मुंग्या गाडीवर जाणवतात, म्हणून दोष गाडीला. मूळ कारखान्यात असतं.

जगाला हे शंभर वर्षांपूर्वीच कळलंय. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात बेडफर्ड इथं चुनखडीच्या खाणकामावरचे कारागीर हवेवर चालणारे हातोडे वापरत. १९१८ साली डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी त्यांचे हात तपासले, तेव्हा ज्या डाव्या हातात छिन्नी धरलेली असे त्याची बोटं थंडीत पांढरी फटक आणि बधीर पडताना दिसली. वर्षानुवर्षं थरथर खाल्ली की नसा आणि बारीक रक्तवाहिन्या दोन्ही बिघडतात आणि उशीर झाला तर ते पूर्ण भरून येत नाही.

युरोपीय संघानं २००२ साली यासाठी मर्यादा घातली. थरथर किती जोरात आहे ते 'मीटर प्रति सेकंद वर्ग' या मापानं मोजतात. ८ तासांच्या पाळीचा हिशेब २.५ च्या वर गेला की मालकानं उपाय सुरू करायचे आणि ५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. यातली मेख अशी की थरथर दुप्पट झाली तर तीच मात्रा निम्म्या नाही, पाव वेळात भरते. ५ च्या ग्राइंडरवर २ तासांतच ८ तासांचा २.५ चा कोटा संपतो. झिजलेलं, हेलकावणारं चाक बदलणं, माणसं आलटून-पालटून लावणं, हात गरम ठेवणं, या खर्चाच्या गोष्टी नाहीत. पॉवर टिलर आणि ब्रश कटर चालवणाऱ्या शेतकऱ्यालाही हाच हिशेब लागू आहे, फक्त त्याचा सुपरवायझर तोच.

"बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या घेऊन बघू का?"

बी-ट्वेल्व्ह कमी असणं आणि मधुमेह ही दोन्ही खरी कारणं आहेत. पण त्यांची बधिरता बहुधा दोन्ही पायांपासून सुरू होते, गाडीवरून उतरलं तरी जात नाही. रक्त तपासून घ्या, अंदाजानं गोळ्या नको. मधुमेह, थायरॉइडचं काम मंदावणं आणि गरोदरपण यांत मनगटातला तो बोगदा तसाही अरुंद पडतो. अशा वेळी गाडी फक्त निमित्त होते. मानेतून कळ येऊन हातभर उतरत असेल तर मूळ मानेच्या मणक्यांत असू शकतं.

डॉक्टरांकडे जायला थांबू नये अशा खुणा वेगळ्या आहेत. उतरल्यावर तास-दोन तासांनीही बधिरता न जाणं. रात्री मुंग्यांनी जाग येऊन हात झटकावा लागणं. शर्टाची बटणं लावताना बोटं चुकणं, हातातून कप निसटणं. अंगठ्याच्या बुडाचा गुबगुबीत भाग दुसऱ्या हातापेक्षा चपटा दिसणं. आणि एकाच बाजूचा हात अचानक बधीर होऊन तोंड वाकडं झालं किंवा जीभ जड झाली, तर तो गाडीचा विषय नाहीच. त्याच क्षणी १०८.

मित्राच्या लिव्हर उद्यमनगरात फिरवून घेतल्या. मिस्त्रीनं दहा मिनिटांत काम केलं आणि पैसे घेतले नाहीत. त्यानंतर साताऱ्यापर्यंत हात शाबूत राहायला लागला. पण रात्री तीनला हात झटकत उठणं थांबेना, आणि हे तो आम्हाला तोवर बोललाच नव्हता; गाडीचं सांगत होता, झोपेचं नाही. शेवटी डॉक्टरांकडे गेला तेव्हा पेठ नाक्याची ती बॉलपेनची रेघ पुसली गेली होती, पण फोनमध्ये तिचा फोटो होता. डॉक्टरांनी फोटो बघितला, दोन्ही मनगटं वाकवून मिनिटभर धरायला लावली, नसेतून करंट किती वेगानं जातो ती तपासणी लिहून दिली आणि रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायला सांगितला. थायरॉइडही तपासायला लावला. रिपोर्ट यायचे आहेत. पट्टा बांधल्यापासून तो पहाटेपर्यंत झोपतो, आणि बायको म्हणते, निदान आता झोपेत मला हात लागत नाही.